टेकडीवरचं सव्वा वर्ष

शालूबाईला आपलं घर वरून बघायची सवय झाली होती. ही सवय कुणाही बाईला लागू नये.

टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीच्या दारात बसलं की सगळं गाव खाली उताणं पडलेलं दिसायचं. मारुतीच्या देवळाचा कळस, शाळेचं छप्पर, आणि लिंबामागं तिचं स्वतःचं अंगण. सून पुनम सडा टाकायची, तर गोठ्याकडच्या कोपऱ्यात पाणी पोचायचंच नाही, हे तिला वरून दिसायचं. म्हशीला वैरण टाकायला उशीर झाला तर तोही दिसायचा. पोरगा सोमेश्वर कामाच्या वेळेला मोटारसायकल पुसत बसलेला दिसायचा. दिसायचं सगळं, हात कशाला पोचायचा नाही. बरं, ओरडून सांगावं तर तेवढा वारा छातीत असता तर ती वर कशाला राहिली असती?

गावात लोक म्हणायचे, "संतरामनं बायकोला टेकडीवर ठेवलंय." आणि कौतुकानं म्हणायचे. म्हैस गोठ्यात ठेवतात, ज्वारी कणगीत ठेवतात, तशी शालूबाई टेकडीवर ठेवली होती. तिला तिथं राहायचं आहे का, हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं. नवरा एवढं करतोय म्हटल्यावर विचारायचं काय?

दमा तिला सोमेश्वरच्या जन्मानंतर लागला. सुरुवातीला थंडीत खोकला यायचा, मग वर्षातून दोन-तीनदा धाप, मग दर हंगामाला. मागच्या दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या हडंब्यावर, म्हणजे मळणीच्या यंत्रावर, ती भूस ओढायला उभी राहिली आणि तिथंच बसली. ओठ जांभळे पडले. कळमनुरीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिथून नांदेडला हलवलं. पाच दिवसांनी डोळ्यांत जान आली.

नांदेडची डॉक्टरीणबाई चांगली होती. पुढं जे झालं त्याचं खापर तिच्यावर फोडायचं कारण नाही. तिनं दोन पंप दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, दुसरा निळा, धाप लागली की ओढायचा. संतराम हात जोडून उभा होता. म्हणाला, "बाई, कायमचं बरं व्हायचा काही विलाज?"

"कायमचा असा नाही. ताब्यात ठेवता येतो," ती म्हणाली. मग, माणूस तळमळीनं विचारतोय असं वाटून तिनं जास्तीचं सांगितलं. "काही देशांत अशा रोग्यांना उंच पहाडात नेऊन ठेवतात. पाच-सहा हजार फुटांवर. तिथली हवा थंड, कोरडी. अंथरुणातले बारीक किडे तिथं जगत नाहीत, धूळ नाही, फुलोऱ्याची भुकटी कमी. काही आठवडे ठेवतात, श्वासाचे व्यायाम करून घेतात. पण औषध तिथंही चालूच असतं, बरं का. पंप सोडत नाहीत."

"अन आपल्याकडं?"

"आपल्याकडं नीट असं कुणी करत नाही. तुम्ही एवढंच करा, यांना धुळीपासून लांब ठेवा आणि पंप बंद करू नका."

आमच्याकडचा माणूस ऐकतो अर्धं आणि करतो दुप्पट. संतरामनं 'पहाड' ऐकलं. एसटीत खिडकीशी बसून तो सगळी वाट बाहेर बघत होता. डोंगरकडा मागं पडलं तसं म्हणाला, "सोम्याची माय, आपल्याकडं पहाड न्हाईत व्हय? अख्ख्या गावाचं नाव डोंगरकडा हाय."

शालूबाईला झोप येत होती. ती "हं" म्हणाली. त्या 'हं'वर खोली उभी राहिली.

गावामागची ती टेकडी किती उंच होती, तर शेळी चरत चरत वर जायची आणि आपण वर आलो हे शेळीच्या ध्यानातही यायचं नाही, एवढी. मुरमाड, उघडी, वाऱ्याची. कुणाच्याच मालकीची नव्हती, गायरान होतं. संतरामनं दिवाळी होताच पत्रे डोक्यावर वाहून वर नेले. खांबांचे खड्डे एकट्यानं खणले. मदतीला माणूस लावला नाही, म्हणाला, मपल्या बायकोचं काम हाय. खोली झाली, चूल झाली, दाराशी तुळस झाली. रोज सकाळी पाण्याची घागर खांद्यावर घेऊन तो वर यायचा. पन्नाशी उलटलेला माणूस. पाण्याचा एक थेंब सांडायचा नाही. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "बघा जरा संतरामभाऊकडं. तुमी आमाला पाण्याचा गिलास तरी दिला का कवा?"

अशा माणसाला, मला इथं नको, असं म्हणायचं कोणत्या तोंडानं?

आणि पहिले दिवस बरेच गेले, हेही खरं आहे. थंडी होती, आभाळ स्वच्छ होतं, शेतात मळणी नव्हती, चुलीचा धूर बाहेर उघड्यावर जायचा. दोन्ही पंप वेळेवर चालू होते. एका सकाळी संतरामनं घागर उतरवली आणि विचारलं, "कसं काय?"

"आज बरं वाटून राहिलं," शालूबाई म्हणाली.

एवढंच बोलली. पण संतराम ते वाक्य घेऊन टेकडी उतरला आणि दुपारपर्यंत गावभर वाटून आला.

दुसऱ्या दिवशी अमृतराव वर आले. अमृतराव म्हणजे माजी सरपंच. माजी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं याच्या बापानं आयुर्वेद लिहिला. खोलीभोवती हिंडले, हवेचा वास घेतला, मान डोलावली.

"संतराम, तू मोठं काम केलंस. पण एक चूक करून राहिलास."

"काय, दादा?"

"पंप. अरे, पंप म्हणजे कुबडी. कुबडी घेऊन चालणाऱ्याचा पाय कवा मजबूत झालेला पाहिलास का? ह्या बाईच्या छातीला माहीतच न्हाई की वारा आपण ओढायचा असतो. पहाडाची हवा लागू द्यायची, तर पंप बंद. आणि मुदत बांधून घे. सव्वा वर्ष. मधी खाली उतरायचं न्हाई. उतरली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

सव्वाच का? कारण आपल्याकडं देवाधर्माचं सगळं सव्वाच असतं. सव्वा रुपया, सव्वा किलो पेढे, सव्वा महिना. मग हवेनंच काय पाप केलं? डॉक्टरीणबाईनं काही आठवडे म्हटलं होतं, अमृतरावांनी त्याचं सव्वा वर्ष केलं, आणि औषधाचं व्रत झालं. एकदा व्रत झालं की संपलं. औषध लागू पडलं नाही तर माणूस डॉक्टरला जाब विचारतो. व्रत लागू पडलं नाही तर व्रत करणारीलाच विचारतात, बाई, कुठं चुकलीस?

संतरामनं दोन्ही पंप रुमालात बांधले आणि सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात सोडले. सोडताना पाया पडला. शालूबाईला हे सोमेश्वरनं येऊन सांगितलं, हसत. ती हसली नाही. त्या दिवसापासून ती झोपेतही श्वास मोजायला लागली.

पंप पुन्हा मिळाला तो पुनममुळं. एके दुपारी पुनम डबा घेऊन वर आली तेव्हा शालूबाई चुलीपुढं ओणवी होऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून श्वास काढत होती. दम्याच्या माणसाला वारा आत घ्यायला त्रास होतो असं लोकांना वाटतं. आत गेलेला बाहेर निघत नाही, हा खरा त्रास असतो. पुनम बघत उभी राहिली. मग उतरली. दोन दिवसांनी भाकरीच्या खाली, फडक्यात गुंडाळून, निळा पंप आला.

"आत्याबाई, मामाला सांगू नका. यायलाही सांगू नका." मामा म्हणजे सासरा, यायला म्हणजे सोमेश्वरला.

"कुठून आणलास?"

"डोंगरकड्याला माहेरची पोरगी हाय, तिला सांगितलं. निळाच भेटला. दुसरा तिथं न्हाई."

"पुनम, मला खाली घेऊन चल. तू सांग त्यायला. तुपलं ऐकतील."

पुनम डब्याचं झाकण लावत राहिली. "मपलं कोण ऐकतंय, आत्याबाई? आन तुमी मधीच उतरल्या तर लोक मलाच म्हणतील, सुनेनं सासूचं व्रत मोडलं."

ते खरंही होतं आणि खोटंही. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा पुनमला घर स्वतःच्या हातात मिळालं होतं. डाळीत मीठ किती, म्हशीचं दूध कुणाला, पाहुण्याला चहा की सरबत, सगळं तिच्या मनानं. सासू खाली यावी असं तिला वाटत नव्हतं. सासू मरावी असंही वाटत नव्हतं. या दोन वाटण्यांच्या मधल्या फटीतून तो निळा पंप वर येत राहिला. शालूबाई तो कमरेच्या बटव्यात, सुपारीखाली ठेवायची आणि संतराम उतरला की ओढायची. बायकोच्या चोरून दारू पिणारे ऐकले आहेत. ही बाई नवऱ्याच्या चोरून श्वास घेत होती.

फाल्गुन लागला आणि हळद आली.

आमच्या भागात हळद म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. काढलेली हळद कुकरमध्ये वाफेवर शिजवतात, मग उघड्यावर पसरून वाळवतात. वाळायला जागा कशी पाहिजे? मुरमाड, उताराची, वाऱ्याची. म्हणजे हीच टेकडी. बापजाद्यांपासून गाव इथंच हळद वाळवत आलं. शालूबाईच्या खोलीच्या तिन्ही बाजूंनी हळद पसरली गेली. ती वाळली की पॉलिश. मोठा जाळीचा लोखंडी ड्रम, ट्रॅक्टरनं फिरवायचा, आत हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची साल, मुळ्या, माती सगळं भुकटी होऊन जाळीतून उडतं. ड्रमजवळची माणसं तोंडाला उपरणं बांधतात, तरी संध्याकाळी पिवळं थुंकतात. गावात सगळ्यात जास्त धूळ जिथं उडते, नेमकी ती जागा निवडून संतरामनं दम्याच्या बायकोला हवापालटासाठी ठेवली होती. वारा असतो म्हणून टेकडी निवडली. वारा असतो म्हणूनच ड्रमही तिथं आणतात, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. गावातल्या कुणाच्याच आलं नाही.

"धूळ येऊन राहिली," शालूबाई एकदा म्हणाली.

संतराम पाण्याची घागर उतरवत होता. त्यानं बोट लावून पत्रा पाहिला, बोट पिवळं झालं. हसला. "आगं, हळदीची हाय. हळद औषधी असती. जखमेला लावतो का न्हाई आपण? आता छातीत जाऊन आतून लागंल."

"मला सोसंना."

"सोसतंय बघ. रोग निघून जाताना जोर करतो." तरीही तो थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोणपाटं भिजवून खिडकीला आणि दाराला लावली, दर दोन तासांनी वर येऊन पाणी मारलं. आता खोलीत उजेडही येईना आणि वाराही. ओल्या गोणपाटाचा कुबट वास आत भरून राहिला. शालूबाई त्या अंधारात बसून नवऱ्याच्या पावलांची वाट बघायची. तो कधी येतो म्हणून नव्हे, कधी जातो म्हणून.

नणंदेच्या पोरीचं लग्न गावातच झालं. मांडव वरून दिसला. संतराम संध्याकाळी पत्रावळीवर बुंदी घेऊन वर आला, समोर बसून तिला खाऊ घातली. "सगळे तुपलंच नाव काढून राहिले व्हते," तो म्हणाला. "म्हणले, बाईनं मन घट्ट केलं."

अमृतरावांनी दरम्यान व्हिडिओ काढला होता. शालूबाई दारात बसलेली, मागं आभाळ, अमृतरावांचा आवाज: गोळी नाही, सुई नाही, पंप नाही, फक्त पहाडाची हवा. मग आवाज विचारतो, कसं वाटतंय, शालूबाई? आणि शालूबाई म्हणते, बरं हाय. दोन शब्द. चौथ्यांदा काढलेला व्हिडिओ होता तो, पहिल्या तीन वेळा तिला खोकला आला. ते तीन कुणी पाहिले नाहीत. हे दोन शब्द सेनगावला गेले, औंढ्याला गेले, पुसदच्या पुढं गेले. लोक फोन करायला लागले. अमृतरावांनी ठरवलं, टेकडीवर रोग्यांसाठी खोल्या बांधायच्या. त्यासाठी गायरान त्यांच्या संस्थेला मिळालं पाहिजे, आणि ते मिळण्यासाठी आधी वर माणसं दिसली पाहिजेत. पहाड, हवा, दमा, सगळं त्या गायरानापाशी येऊन थांबत होतं. गावात हे कळणारे पुष्कळ होते. बोलणारा एक नव्हता. आपली हळद अमृतरावांच्याच काट्यावर मोजायची असते ना.

उद्घाटनाचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी पुनम डबा घेऊन आलीच नाही. दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांच्या स्वयंपाकात अडकली, म्हणून सोमेश्वर आला. शालूबाईनं भाकरीखाली बोटं घालून पाहिलं, नुसतं फडकं होतं. तिनं बटव्यातला पंप काढून कानाशी हलवला. आत काही वाजलं नाही. दाबला, तर वारा आला, औषध आलं नाही.

सकाळी मांडव पडला. कापडी छत, लाल खुर्च्या, कर्णा, माईक. पाहुणे येणार म्हणून ड्रम बंद ठेवायला अमृतरावांनी शिवशंकरला सांगितलं होतं. शिवशंकर म्हणजे ड्रमवाला. त्यानं तोंडावरचं उपरणं खाली ओढून उत्तर दिलं, "दादा, मशीनला पाळी हाय. आज ज्याची हाय त्याची चुकली तर पुढची पावसात येईल. तुमच्या पाहुण्याला सांगा, जरा तोंड फिरवून बसा." ड्रम चालू राहिला, मांडवापासून हाकेच्या अंतरावर.

जीप येत गेल्या. खोकणारी माणसं उतरत गेली. एकाला दोघांनी धरून आणलं. सेनगावकडच्या तांड्यावरून प्रेमसिंग आपल्या आईला घेऊन आला होता. आई म्हणजे चंदाबाई, साठीची, हातात बांगड्या कोपरापर्यंत, कपाळावर गोंदण. चढण चढून ती शालूबाईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि बराच वेळ धाप जिरवत राहिली. दम्याचा माणूस दम्याच्या माणसाला घाई करत नाही.

मग चंदाबाईनं चोळीतून पंप काढला. निळाच. "बाई, एक इचारू? पोरानं मोबाइलात तुमाला दाखवलं. खरंच सोडला व्हय?"

शालूबाईच्या मागं संतराम उभा होता. समोर अमृतराव माईकची वायर तपासत होते, पण कान इकडं होता.

"सांगा की," अमृतराव म्हणाले. "तुमच्या तोंडून ऐकायला आल्यात लांबून."

शालूबाईनं मान हलवली. होकाराची.

"मंग मी बी सोडते," चंदाबाई म्हणाली. "पोराला लई तकलीफ मपली. रात रात बसतंय उशाला."

कार्यक्रम असा ठेवला होता: मधोमध टेबल, टेबलावर तांब्याची परात. प्रत्येक रोग्यानं पुढं यायचं, आपला पंप परातीत ठेवायचा, सव्वा वर्षाचा संकल्प बोलायचा. शेवटी शालूबाईनं परातीला हळदकुंकू वाहायचं. मग ती परात कालव्यात. संतरामनं केलं तसंच. संतरामला पहिल्या रांगेत बसवलं होतं, डोक्याला फेटा. गळ्यात हार घातला तेव्हा त्यानं बायकोकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. इतका साधा माणूस होता तो. त्या साधेपणाचा शालूबाईला त्या क्षणी फार राग आला.

परात भरत गेली. पांढरे, निळे, नारिंगी. ठेवणारा ठेवायचा, कर्ण्यातून टाळ्या. सगळ्यात शेवटी चंदाबाईनं आपला निळा ठेवला. वारा फिरला आणि ड्रमची भुकटी मांडवात शिरली. लोकांनी रुमाल तोंडाला लावले. अमृतराव म्हणाले, "निसर्गच आपल्याला हळद वाहतोय," आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

शालूबाईची छाती आवळत चालली होती. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधत आणावं तशी. आधी घशात बारीक शीळ, मग पाठीत दुखणं, मग खांदे आपोआप वर. ती खुर्चीचे हात धरून बसून राहिली. उठून खोलीत जावं, तर खोलीत काय होतं? ओली गोणपाटं. खाली उतरावं, तर पायथ्यापर्यंत श्वास पुरणार नाही. पुनम कुठं दिसेना. संतरामला सांगावं, तर तो फेटा बांधून हसत होता.

"आता शालूबाई हळदकुंकू वाहतील."

ती उठली. टेबलापर्यंत चार पावलं असतील. दोन्ही हातांनी टेबल धरून ती परातीवर वाकली. समोर पंपच पंप. तिला मरण येत होतं आणि तिच्या नाकाखाली तीसेक माणसांचा श्वास परातीत भरून ठेवलेला होता, आणि तिनं त्याला कुंकू लावायचं होतं.

"वाहा की," अमृतराव हळूच म्हणाले. माईक त्यांनी तिच्या तोंडापुढं धरला. "दोन शब्द बोला. नेहमीचेच."

शालूबाईनं कुंकवाची कोयरी बाजूला सारली. परातीतला सगळ्यात वरचा निळा पंप उचलला. टोपण दातांनी काढलं. होता नव्हता तो वारा बाहेर सोडला, पंप तोंडात धरला आणि दाबला. माईक तिथंच होता. फुस्स असा आवाज कर्ण्यातून निघाला, टेकडीवरून खाली उतरला आणि अख्ख्या गावानं ऐकला. तिनं श्वास धरून ठेवला, सोडला, पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स.

ड्रम तेवढा फिरत होता.

"बाईला उन्हानं भोवळ आली," अमृतराव माईकमध्ये म्हणाले.

"भोवळ न्हाई," शालूबाई म्हणाली. माईक अजून जवळच होता. बोलताना मधे मधे थांबावं लागत होतं, पण ती थांबून बोलली. "रोज घेते मी. पयल्यापासून. पंप न्हाई सुटला. कवाच न्हाई. व्हिडिओ काढला... त्या दिवशी बी घेतला व्हता."

अमृतरावांनी माईक मागं घेतला. उशीर झाला होता. चंदाबाई खुर्चीतून उठली, हळूहळू चालत आली आणि हात पुढं केला. "तो मपला हाय, बाई. झाला असंल घेऊन तर द्या."

शालूबाईनं टोपण लावून तिच्या हातात दिला. चंदाबाईनं पंप चोळीत ठेवला, पोराकडं वळली आणि म्हणाली, "परेमसिंग, गाडी काढ. तू बी लई शाणा झालास मोबाइल बघून."

मग खुर्च्या सरकल्या. लोक परातीवर पडले. एका रंगाचे सगळे पंप सारखे दिसतात, कुणाचा कोणता हे कुणाला कळेना. "नारिंगी मपला," "सोड, ह्याच्यावर कंपनी बघ," अशी ओढाओढ. अमृतराव शांतता राखा, शांतता राखा म्हणत राहिले.

शालूबाई खोलीकडं गेली नाही. उताराला लागली. संतराम मागून आला, फेटा हातात.

"कोण आणून देत व्हतं?"

ती उतरत राहिली.

"मी लोकायला आता काय तोंड दाखवू? मला काहून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं. धूळ येऊन राहिली म्हणले. सोसंना म्हणले. तुमी ऐकलं कवा? तुमी गोणपाट भिजवून आणलं."

संतराम थांबला. त्याचा चेहरा मार खाल्लेल्या बैलासारखा झाला होता, आणि तिला कीवही आली. पण ती थांबली नाही. कीव आली की माणूस वर जातो, हे तिला आता माहीत होतं.

"सोम्याची माय, निम्मं व्हत आलं. आता मोडू नको. लोक पांगले की शांततेत बोलू. चल वर."

"राहिलेलं तुमी करा," शालूबाई म्हणाली.

उतरताना ती तीनदा बसली. तो प्रत्येक वेळी चार हात लांब उभा राहिला. हात धरावा की नाही ते त्याला कळेना, आणि तिनं मागितला नाही. अंगणात पुनम होती. सासूला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आधी चूल विझवली. राखेनं दाबून, धूर निघू न देता. मग कडेला होऊन वाट दिली. तिचं राज्य तेवढ्यात संपलं.

नांदेडला संतरामच घेऊन गेला. दवाखान्यात बाहेर बाकावर बसून राहिला. डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. दोन्ही पंप पुन्हा सुरू झाले. शालूबाई बरी झाली असं नाही. दमा तोच, गाव तेच, पुढच्या सोयाबीनला भूस उडणारच होतं. कुठं पळणार? पाच हजार फूट उंच पहाड तिच्या नशिबात नव्हता, आणि दमा काही पंपासारखा कालव्यात सोडता येत नव्हता.

पण अमृतराव थांबले नाहीत. उद्घाटनाचाही व्हिडिओ निघाला. त्यात परात आहे, टाळ्या आहेत, शालूबाई उठून टेबलाकडं जाते आणि परातीवर वाकते. तिथंच कापला. बघणाऱ्याला वाटतं, बाई नमस्कार करतेय. तो पहिल्यापेक्षा जास्त फिरला. जीप येतच राहिल्या. वरच्या खोलीत आता दुसरीच कुणीतरी बाई ठेवली आहे, औंढ्याकडची. तिच्या नवऱ्याचंही कौतुक होतं.

शालूबाई रोज सकाळी, पंप ओढून, चूळ भरून, टेकडीच्या पायथ्याशी वाटेवर जाऊन बसते. संतराम तिला न्यायला येत नाही आणि अडवायलाही येत नाही. जीप आली की ती हात आडवा करते.

परवा एक आली. आत तरणी बाई, नवरा, मांडीवर पिशवी. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "काय मावशी, जागा न्हाई."

"जागा नको. ह्या बाईला दमा हाय का? वर जाऊ नका. पंप सोडू नका. वर हळदीची धूळ हाय, हवा न्हाई."

नवरा वैतागला. "आमाला शालूबाईला भेटायचंय. त्या वर राहून बऱ्या झाल्या, त्या."

"मीच शालूबाई."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. धुळकट पाय, वर आलेले खांदे, घशातली शीळ त्याला जीपच्या आवाजातही ऐकू येत होती. हातात निळा पंप. त्यानं मोबाइल काढला, व्हिडिओतली बाई बघितली, पुन्हा हिला बघितलं.

"जाऊ दे, चल," तो ड्रायव्हरला म्हणाला. "गावात जळणारे असत्यातच."

जीपनं गिअर टाकला. मागच्या सीटवरच्या बाईनं मात्र मान वळवून शालूबाईकडं बघितलं, बघतच राहिली, आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली. धूळ उडाली. शालूबाईनं पदर नाकाला लावला, धूळ खाली बसायची वाट बघितली, आणि पुढच्या जीपसाठी वाटेच्या आणखी मध्ये सरकून बसली.